आत्याने पाय उचलला नाही

गोष्ट माझ्या बापाच्या पायांची आहे. ते जाता जाता कसे राहिले, त्याची. पण सुरुवात करावी लागते माझ्या आत्याच्या पायापासून, कारण गावात अजून त्या पायाच्या नावाने बोटं मोडणारे लोक आहेत आणि मला ते ऐकून घ्यायचं नाही. मी प्राप्ती. नागावच्या किनाऱ्यावर बनाना राइडची तिकिटं फाडते. दिवसभर पर्यटकांशी हुज्जत घालून माझा आवाज असा झालाय की घरात 'मीठ दे' म्हटलं तरी आई म्हणते, भांडतेस कशाला. तेव्हा चढ्या आवाजात ऐकायची तयारी असेल तर ऐका.

केसरआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोकं आधी नाही, पाय आधी आले. आमच्या खारेपाटात, अलिबाग आणि पेणच्या मधल्या भातखाचरांच्या मुलखात, अशा माणसाकडे देवाने पाठदुखीचं खातं सोपवलंय असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकताना कंबरेत चमक निघाली आणि माणूस तिथल्या तिथे अडकला, की त्याने सकाळी चूळ भरायच्या आत पायाळूचं दार गाठायचं. उंबरठ्याकडे पाठ करून उभं राहायचं. पायाळूने आतून तीन लाथा मारायच्या. मग मागे वळून न बघता घरी जायचं. पायाळूने बदल्यात काही घ्यायचं नाही, साधी सुपारीसुद्धा नाही, नाहीतर गुण जातो म्हणे.

आत्याचं लग्न गावातल्या गावातच झालं, वरच्या आळीतून खालच्या आळीत. पहिल्याच पावसात सासऱ्यांची पाठ धरली. आता आली का पंचाईत? नवी सून, डोक्यावरून पदर, आणि सासरा दारात पाठमोरा उभा. आत्याने डोळे मिटून तीन लाथा हाणल्या, लगेच बाहेर धावली आणि त्यांच्या पाया पडली. सासऱ्याला लाथ मारून वर आशीर्वाद घेणारी सून पंचक्रोशीत ती एकटीच. चौथ्या दिवशी सासरे नांगर धरून उभे! तेव्हापासून तिची जी ख्याती झाली ती झालीच. चाळीस वर्षं तिने लाथा मारल्या. तलाठ्याला मारल्या, भजनीबुवांना मारल्या, अलिबागच्या एका वकिलाला मारल्या. तो गाडी घेऊन आला होता, पण खालच्या आळीत गाडी शिरत नाही. खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या दलदलीच्या, कडेने अर्धा किलोमीटर चालत यावं लागलं त्याला, कंबरेवर हात ठेवून, 'आई गं, आई गं' करत.

आणि गुण यायचा हो! खोटं कशाला बोलू? दहातले आठ-नऊ जण पंधरा दिवसांत ठणठणीत. आत्याला त्याचा केवढा तोरा! लग्नकार्यात बायका हळदीकुंकू लावताना तिच्या उजव्या पायाला जरा जास्तच हळद लावायच्या, आणि ती तो पाय पुढे करून बसायची.

मग तीन वर्षांपूर्वी, एकसष्टाव्या वर्षी, भातलावणीत तिचीच पाठ गेली. तिसरा दिवस, सकाळपासून चिखलात वाकलेली, मुठीतलं रोप रोवलं आणि सरळच होता येईना. चौघींनी उचलून बांधावर आणली. आळीत एकच प्रश्न: पायाळूला लाथ मारणार कोण? शोधाशोध करून चौलचे एक आजोबा सापडले, तेही पायाळू, वय वर्षं शहाऐंशी. त्यांना रस्त्यापर्यंत रिक्षाने आणि पुढे खुर्चीवर उचलून आणलं. आजोबांनी देवाचं नाव घेऊन पाय उचलला आणि तेच मागच्या मागे खाली बसले. दुखऱ्या कंबरेने आत्यालाच त्यांना उठवावं लागलं. आम्ही हसलो म्हणून तिने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता फोटो काढायला लावला, मग एमआरआय काढायला लावला, आणि अहवाल हातात घेऊन म्हणाले, "मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, नस दबलीय. आता वाकायचं नाही, उचलायचं नाही, दोन महिने पडून राहायचं. शेत तर विसराच." तिच्या मुलाने, अल्पेशने, फळ्यांचा कडक पलंग आणला. कंबरेला पट्टा आणला. आणि माझ्या बाबांनी पलंगाशी उभं राहून बहिणीला दम भरला, "बाय, हातरुनावरना उठलीस तर माजी शपथ हाय तुला."

शपथ घातली म्हणून ती पडून राहिली. सात आठवडे! जी बाई पहाटे चारला उठून अंगण सारवायची, ती छताकडे बघत पडली. पोटऱ्या काड्यांसारख्या झाल्या. दुखणं तसूभर कमी झालं नाही, उलट कुशीवर वळतानाही कळ यायला लागली, आणि कळ येईल या भीतीने ती वळायचीही बंद झाली. एकदा मी तिला भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून रडत होती. माझी आत्या! "पोरी, माजे पाठीची काच झालीय," म्हणाली, "हाललू की फुटल." मला असा संताप आला त्या 'गॅप' शब्दाचा! हाताने नाही, औषधाने नाही, नुसत्या शब्दाने बाईला आडवी केली होती.

ट्रेलरवर ड्रायव्हर असलेले बाबा कामावर गेले असताना मी तिला उचललं आणि अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे फिजिओथेरपीच्या खोलीत सुचितामॅडम म्हणून आहेत. मूळच्या म्हसळ्याच्या, उंचीने एवढ्याशा, पण आवाज माझ्यावर ताण. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी आत्याला तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पायाचे अंगठे वर ओढायला लावले, टाचेवर उभं केलं, पावलांना टोचून बघितलं. आणि प्रश्न विचारले, काय वाट्टेल ते प्रश्न. लघवीला काही त्रास होतो का? अडते का, की कळत नकळत होते? सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे बधीर वाटतं का? ताप येतो का संध्याकाळचा? वजन उतरलंय का? कुठे पडलात का? आत्या लाजून चूर.

सगळ्याला 'न्हाय' म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग उठा. चालायला लागा."

"मणक्यान गॅप हाय माजे!" आत्या जवळजवळ ओरडलीच.

"मावशी, तुमच्या वयाच्या दहा जणींचे एमआरआय काढले तर आठ जणींच्या मणक्यात असंच काहीतरी दिसेल, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं कधीच काही दुखलेलं नसेल."

आत्याने बाजूला ठेवलेल्या अहवालाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे आमचे पाट्याला खड्डा पडलाय तसा. वाटान तर व्हतय त्याच्यावर."

"अगदी बरोबर! वाटण होतंय ना? मग पाटा फेकून कशाला द्यायचा?"

मॅडमनी तिला समजावलं, आणि मीही ऐकलं. पाठ दुखायला एक कारण नसतं. स्नायू आखडतो, लचक भरते, कधी गादी फुगून नसेला चिमटा बसतो. दिवसदिवस वाकून काम, नाहीतर दिवसदिवस एका जागी बसून राहणं, अपुरी झोप, तंबाखू, मनाला लागलेला घोर, सगळं त्यात भर घालतं. पण बहुतेक पाठी काही आठवड्यांत आपल्या आपण सुधारतात, फक्त त्यांना हलती ठेवायला हवी. पडून राहिलं की पाठीला धरून ठेवणारे स्नायूच सुकतात. हलताना दुखलं म्हणजे आत काही मोडतंय असं नाही. शेक घ्या, गोळी लागली तर चार-पाच दिवस घ्या, आणि चाला. आज पाच मिनिटं, परवा सात.

आत्याचं लक्ष भलत्याच गोष्टीवर गेलं होतं. तिने डोळे बारीक करून विचारलं, "आपल्या आपन बऱ्या व्हतात? मंग माजे पायाचा गुन?"

मी मॅडमना आत्याच्या लाथांची सगळी हकिकत सांगितली. त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानीन. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे यायला लोकांना चालावं लागायचं ना?"

"अर्धा किलोमीटर. गाडी येत न्हाय."

"जाऊन-येऊन एक किलोमीटर झालं. अंथरुणातून उठले, चालले, आणि आता आपण बरे होणार या खात्रीने कामाला लागले. गुण त्याचा आला, मावशी."

"म्हंजे चालीस वर्सा मी लोकांना फुकटच्या लाथा घातल्या?" आत्या ताडकन उभी राहिली. सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणाचा हात न धरता उभी राहिली, ते तिच्या लक्षातही आलं नाही. "मना खोटी ठरवतस काय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बहुतेकांचं काही बिघडलं नाही. पण शंभरात एखाददुसरा असा असतो, ज्याला मी आत्ता विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर 'हो' द्यावं लागतं. त्याच्या पाठीत नुसती उसण नसते. जंतू असतात, गाठ असते, नाहीतर नसांचा जुडगाच दाबला जात असतो. त्याला लाथ मारण्यात गेलेला एक दिवससुद्धा महागात पडतो. तसा कुणी आला होता का तुमच्याकडे?"

आत्याचा चेहरा असा पडला की मीच घाबरले. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "जनी."

जनी आत्याची मैत्रीण, शेजारची. दहा वर्षांपूर्वी तिची पाठ दुखायला लागली. तिला संध्याकाळी बारीक ताप यायचा, ती वाळत चालली होती. तीन महिन्यांत तीन वेळा ती उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. नऊ लाथा. चौथ्या वेळी तिचे पाय चालेनात. मग मोठ्या दवाखान्यात नेल्यावर कळलं की मणक्याचा टीबी आहे. औषधं सुरू झाली, पण तोवर फार उशीर झाला होता. अंथरुणातच वर्षभरात गेली. "ताप येतय, बोलली व्हती ती मना," आत्या म्हणाली. "मी बोलले, उसनीचा हाय, जाल. आनी तिचे पाठीला लाथ मारली." आणि ती हमसून हमसून रडली, त्या खोलीतल्या सगळ्या रुग्णांसमोर.

घरी आल्यावर तिने कंबरेचा पट्टा सोडला आणि परसातल्या वाकलेल्या केळीला बांधला. फळ्यांचा पलंग अल्पेशला उचलायला लावला. बाबा आल्यावर खवळले, शपथ मोडली म्हणून. आत्या म्हणाली, "मोडली. तुला काय झालाय काय? उभा तर हायस." पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा मिनिटं करत ती चालत राहिली. मॅडमनी शिकवलेले व्यायाम ओटीवर चटई टाकून सगळ्यांच्या देखत करायची. पाठीवर झोपून कंबर वर उचलायची तेव्हा आळीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. त्यांना म्हणायची, "हसू नका, या, शेजारी पडा." भातकापणी हुकली तिची, पण पौषात ती वालाच्या शेतात उकिडवी बसून शेंगा तोडत होती.

आणि लाथा बंद. अगदी बंद. दारात कुणी पाठ करून उभं राहिलं की ती बाहेर यायची, त्याला समोर फिरवायची आणि मॅडमचे सगळे प्रश्न विचारायची, जसेच्या तसे, लघवीसकट. उत्तरं ठीक आली तर म्हणायची, चाल माझ्याबरोबर, आणि खाजणाच्या कडेने त्याला फिरवून आणायची. नाही आली तर अलिबागला धाडायची. लोकांना हे रुचलं नाही. केसर डाक्टरीण झाली म्हणाले. शहाणपणा शिकली म्हणाले. देवाने दिलेला गुण हिने लाथाडला म्हणाले. ती सगळ्यांना एकच सांगायची, "गुन पायाचा नसल तर पाय उचलू कशाला? मी काय गाढव हाय?"

आता माझ्या बाबांकडे येते. रामचंद्र, तेव्हा बावन्न वर्षांचे. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलर चालवायचे. बारा-बारा तास सीटवर, खालून धक्के, तोंडात तंबाखू, पाणी कमी, कारण उतरायला वेळ नाही. पाठ तर त्यांची वर्षानुवर्षं कुरकुरत होती. गेल्या फाल्गुनात रस्त्यात टायर फुटला, एकट्याने स्टेपनी उचलली आणि कंबरेत कट् झालं. घरी आले, शेकलं, गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांतून आग उतरायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय टाकताना तो कुठे पडतोय ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "मना बायकडं न्या. लाथ मारल्याबिगर ही जानार न्हाय."

"ती मारत नाही आता," आई म्हणाली.

"लोकांना मारत नसल. मी भाव हाय तिचा."

मी आणि आई, दोन बाजूंनी धरून, खाजणाच्या कडेने त्यांना घेऊन गेलो. अर्धा किलोमीटरला पाऊण तास लागला. आळीतले दहा-पंधरा जण मागे जमले. सख्ख्या भावाला केसर काय करते ते बघायचं होतं ना सगळ्यांना! बाबा उंबरठ्याकडे पाठ करून उभे राहिले, दाराची चौकट धरून.

आत्या आतून आली. लाथ नाही मारली. वळसा घालून त्यांच्या समोर आली.

"राम्या, लघवी कवा झाली तुला?"

जमलेल्या लोकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा लाल झाला. "बाय, लाथ मार आनी मोकली हो. चार लोकान काय इचारतस?"

"कवा झाली?"

"झाली. तुला काय करायचाय?"

"बसतस त्या जागी बधीर लागतय काय?"

"बाय!"

आणि इथे मी जे केलं ते सांगायला हवं, कारण दुसऱ्यांना बोलायचं आणि स्वतःचं झाकायचं हे मला जमत नाही. मी ओरडले. मी, बी.कॉम. झालेली, सुचितामॅडमचा प्रत्येक शब्द कानांनी ऐकलेली! बाबा घामाने भिजलेले, थरथरणारे दिसत होते आणि माझं डोकं चाललंच नाही. म्हटलं, "आत्या, मार ना एक लाथ! तुझं काय जातंय? त्यांच्या मनाला बरं वाटेल!" आई म्हणाली, मार गं. मागचे लोकही म्हणायला लागले, मार, मार. तिच्यावर असा गिल्ला केला सगळ्यांनी.

आत्या हलली नाही. तिने बाबांची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी. "राम्या, तुजे लंगोट मी धुतलेत. माजेशी कसली लाज? खरा सांग."

बाबांनी डोळे मिटले. इतक्या हळू बोलले की मलाच जेमतेम ऐकू आलं, "काल दुपारपास्ना झाली न्हाय. येतच न्हाय. आनी बुडाखाली... माजाच नसल्यासारका लागतय."

"ऐकला?" आत्या माझ्याकडे वळली. "एकशेआठला फोन लाव. आत्ता."

मागून एक जण म्हणाला, "केसर, आता तरी मार. दनका बसला की नस मोकली व्हईल."

आत्या त्याच्यावर अशी गेली की तो दोन पावलं मागे सरला. "माजे भावाला कोनी पाय लावल त्याचा पाय मी हितंच मोडीन. जनीला लावला तवडा पुरे झाला. समजला? हटा वाटेतना!"

गाडी आळीत शिरत नाही, म्हणून अल्पेशने घरातून फळी आणली. चौघांनी त्यावरून त्यांना रस्त्यापर्यंत नेलं. अलिबागला लघवीची नळी घातली तेव्हा पिशवी भरून वाहायची वेळ आली. एमआरआय काढला. या वेळी तो काढायलाच हवा होता. गादीचा तुकडा सुटून खालच्या नसांच्या सगळ्या जुडग्यावर बसला होता. तिथून मांडव्याला, मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबई, आणि त्याच दिवशी ऑपरेशन. सर्जनने मला बाहेर येऊन सांगितलं, "कालच आणायला हवं होतं. पण आज आणलंत. उद्या आणलं असतं तर पायही गेले असते आणि लघवीवरचा ताबाही, कायमचा." मी तिथेच जिन्यावर बसले. तीन लाथा मारून घेऊन आम्ही घरी गेलो असतो, मागे वळून न बघता. गुण यायची वाट बघत निदान एक दिवस काढला असता. तोच एक दिवस.

पाय राहिले. दीड महिना नळी लागली, मग हळूहळू ताबा परत आला. डावं पाऊल तेवढं पूर्ण वर उचलत नाही, चालताना घासतं. ट्रेलर सुटला.

आणि गाव काय म्हणालं असेल? 'केसरने सख्ख्या भावाला पाय लावला नाही. एका लाथेत बरा झाला असता, विनाकारण चिरफाड झाली, माणूस लंगडा झाला.' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, पिठाच्या गिरणीत. तिथे मी जे बोलले त्यानंतर आई आठ दिवस गिरणीत गेली नाही.

पण खरा घाव बाबांनी घातला. ते आत्याशी बोलेनासे झाले. पाय वाचले हे त्यांना कळत होतं, पण चार लोकांत ते वाक्य त्यांना बोलायला लागलं, ते काही गिळवेना. सुचितामॅडमनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, तर काठी टेकत तळ्यापर्यंत चालायचे. वाट आत्याच्या दारावरून. रोज जायचे, रोज यायचे, मान वळवायचे नाहीत. मी आत्याला म्हटलं, तूच हाक मार. ती उसळली, "मी कशाला मारू? मी काय गुना केलाय? जलमभर नको बोलू दे मना. चालतय ना? मंग झाला." आणि संध्याकाळी मी दिसले की हळूच विचारायची, "आज कवडा चालला गो?"

असे सहा महिने गेले. गणपती विसर्जनाला आळीतल्या गणराजने मंडळाची मोठी मूर्ती एका बाजूने पेलली आणि दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. सहा फुटी गडी, तोही ट्रेलरवरच. सकाळी येऊन आत्याच्या दारात उभा राहिला. मी तिथेच चहा घेत होते. सवयीप्रमाणे पाच-सहा जण जमलेच.

आत्याने त्याला समोर फिरवलं. "लघवी होते नीट? बसायच्या जागी बधीर?"

गणराजने मागे बघितलं. लोक हसत होते. तोही लाजून हसला. "काय मावशी तुमी पन! पाय मारायचा तर मारा, नायतर जातो मी."

"सांगितल्याबिगर तुला जाऊ देनार न्हाय."

"राहू दे मग," म्हणून तो वळला, आणि त्याच्या वाटेत माझे बाबा उभे होते. तळ्याकडून परत येताना थांबले होते. किती वेळ, कुणास ठाऊक. काठी आडवी धरून त्यांनी गणराजला अडवलं.

"सांग तिला."

"काका, लोकं हायत..."

"मना मुतता येत न्हवता," बाबा म्हणाले. मोठ्याने. पुऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "दुपारपास्ना दुसरे सकालपरत. बुडाखाली सगला बधीर. बायकोला बोललो न्हाय, पोरीला बोललो न्हाय. लाज वाटली. ही समोर उभी राह्यली म्हनून बोललो, न्हायतर आज या पायांवर उभा नसतो मी. त्या लाजेपायी यो पाय गेला माजा." त्यांनी काठी डाव्या पावलावर आपटली. "हसा ना. हसा आता! कोन हसत व्हता?"

आत्या चौकट धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

गणराज मान खाली घालून म्हणाला, "झाली मावशी. सकालीच झाली. दोनदा."

"आनी बधीर?"

"न्हाय. सगला लागतय."

"पायान ताकद हाय? अंगठं वर कर. ताप?" तिने सगळे प्रश्न पुरे केले, एकही गाळला नाही. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग उसन हाय निस्ती. चालवा याला. राम्या, तूच घेऊन जा, तल्यापरत. आनी येताना दोघं च्या घ्यायला हितं या."

बाबा काठी सावरत वळले. "साखर कमी टाक, बाय," म्हणाले, आणि गणराजच्या दंडाला धरून चालायला लागले.